विद्यापीठाच्या लहान गावातून सिटी कौन्सिलची निवडणूक लढवताना

सांजवात

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका लहान विद्यापीठाच्या गावात आम्ही बरीच वर्षे राहत आहोत. नागरिकत्व मिळाल्यापासून येथील प्रत्येक निवडणुकीत मी मतदान करत आले आहे, आणि येत्या निवडणुकीत सिटी कौन्सिलसाठी (गावाची नगरपरिषद) स्वतः उभे राहायचे असे मी ठरवले आहे. आपल्यापैकी कोणी अशा गावात कौन्सिलवर, प्लॅनिंग कमिशनवर (जमीनवापर आणि बांधकामाचे प्रस्ताव तपासणारे मंडळ) किंवा स्कूल बोर्डावर काम केले असेल, कोणाच्या प्रचाराची जबाबदारी घेतली असेल, तर त्यांचे म्हणणे ऐकावे यासाठी हा धागा काढत आहे.

आपल्या गप्पांमध्ये अमेरिकेचे राजकारण म्हणजे बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि व्हिसाचे नियम. बर्फ पडल्यावर कोणते रस्ते आधी मोकळे करायचे, कोणत्या गल्लीत चार मजली इमारत उभी राहू शकते, शेवटची बस किती वाजता सुटावी, भाड्याच्या घरांची तपासणी किती वर्षांनी व्हावी, हे सगळे मात्र गावातले मोजके लोक ठरवतात, आणि त्यांच्या बैठकीत प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात.

महाराष्ट्रातल्या नगरसेवकाशी तुलना करणाऱ्यांसाठी एक फरक आधीच सांगते. अनेक लहान शहरांत कौन्सिल-मॅनेजर पद्धत आहे. दैनंदिन कारभार पाहणारा सिटी मॅनेजर आपल्या महापालिका आयुक्तासारखा वाटतो खरा, पण आयुक्ताला राज्य सरकार पाठवते, तर सिटी मॅनेजरला कौन्सिलच नेमते आणि कौन्सिलच काढू शकते. याची दुसरी बाजू अशी, की एकट्या सदस्याला कोणत्याही कर्मचाऱ्याला परस्पर हुकूम देता येत नाही. त्याच्या हाती असतात धोरण, अंदाजपत्रक आणि एक मत. म्हणून ‘मी निवडून आले तर अमुक करीन’ असे आश्वासन देणारा उमेदवार मला खरा वाटत नाही. ‘अमुक प्रस्ताव मांडीन आणि त्याला बहुमत मिळवण्यासाठी खटपट करीन’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

माझ्या उमेदवारीचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. विद्यापीठाच्या गावात घरमालक आणि विद्यार्थी एकाच रस्त्यावर राहूनही गावाच्या कारभारात एकमेकांसमोर कधी येत नाहीत. उमेदवार घरमालकांच्या दारांवर जातात, कारण तिथे हमखास मतदान होते, आणि विद्यार्थ्यांचा उल्लेख फक्त गोंगाट, पार्किंग आणि कचरा या तीन विषयांत येतो. विद्यार्थी हे या गावचे रहिवासी आहेत, त्यांच्याकडे मत मागायला जावे आणि त्यांच्या मताला उत्तरदायी राहावे, ही माझी भूमिका आहे. ते केवळ सौजन्य नव्हे. गावाच्या हिताचे आहे असे मला वाटते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावाचे उदाहरण घ्या. सायकलींसाठी रस्त्यावर स्वतंत्र मार्गिका हव्यात या मागणीवर तिथली १९६६ ची कौन्सिलची निवडणूक गाजली, मागणीचे समर्थक निवडून आले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या सायकल मार्गिका तिथे आखल्या गेल्या. प्राध्यापकांची कुटुंबे, विद्यार्थी आणि इतर रहिवासी यांची गरज एकच आहे हे तिथल्या काही लोकांनी ओळखले होते.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. दर वर्षी पत्ता बदलणाऱ्या मतदारांपर्यंत पोचावे कसे? आणि विद्यापीठाशी व्यवहार करताना कौन्सिलच्या हाती खरोखर किती असते?

तळटीप

सांजवात, मनःपूर्वक शुभेच्छा. मी दुसऱ्या एका राज्यात, विद्यापीठाच्याच गावात, प्लॅनिंग कमिशनवर काम केले आहे, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिला सल्ला असा, की अर्ज भरण्यापूर्वी निदान काही महिने कौन्सिलच्या बैठकींची पॅकेट (विषयपत्रिका आणि तिच्यासोबतची कागदपत्रे) वाचायला घ्या. बैठकीच्या काही दिवस आधी सिटी क्लर्क ती संकेतस्थळावर टाकतात. शेकडो पानांचा ऐवज असतो, पण गाव कसे चालते ते तिथेच कळते. त्यात ‘कन्सेंट अजेंडा’ नावाचा भाग असतो, ज्यातले सगळे विषय चर्चेविना एकाच ठरावात मंजूर होतात. सांडपाण्याच्या वाहिनीचे कंत्राट, पोलिसांच्या गाड्यांची खरेदी, एखाद्या बिल्डरला दिलेली मुदतवाढ असे पुष्कळ काही त्यात असते. कोणत्याही सदस्याला त्यातला विषय बाहेर काढून चर्चेला घेता येतो. चांगला सदस्य कोण, हे मी त्यावरूनच ओळखायला शिकलो.

आता अधिकारांविषयी. अमेरिकेच्या राज्यघटनेने शहरांना स्वतःचा असा अधिकार दिलेला नाही. राज्य देईल तेवढेच त्यांना मिळते. आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेले हे तत्त्व ‘डिलनचा नियम’ म्हणून ओळखले जाते. पुढे पुष्कळ राज्यांनी शहरांना ‘होम रूल’ (स्थानिक स्वायत्तता) देऊन ते सैल केले, तरी बहुतेक बाबतींत राज्याने कायदा केला की शहराचा नियम बाजूला पडतो. विद्यापीठाच्या गावात याचा प्रत्यय सर्वाधिक कुठे येत असेल तर एका घरात किती जणांनी राहावे या प्रश्नात.

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर बेल टेर नावाचे जेमतेम ७०० वस्तीचे गाव होते. स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी तिथे एक घर भाड्याने घेतले. रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तक नाते नसलेल्या दोनपेक्षा जास्त माणसांनी एका घरात राहू नये असा गावाचा नियम होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये निकाल गावाच्या बाजूने लागला. शांत वस्ती, कमी गाड्या, कुटुंबांना मोकळी जागा ही गावाची उद्दिष्टे न्यायालयाने वैध ठरवली. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. कोणी कोणाबरोबर राहावे यात गावाने पडू नये असे त्यांचे म्हणणे होते. तीन वर्षांनी ईस्ट क्लीव्हलँडच्या एका खटल्यात मात्र, एका आजीला तिच्या दोन नातवंडांसह राहू न देणारा नियम त्याच न्यायालयाने रद्द केला, कारण ते नातलग होते. अशा रीतीने नातलगांना संरक्षण मिळाले आणि एकत्र राहणारे विद्यार्थी संरक्षणाविना राहिले.

देशभरच्या पुष्कळ विद्यापीठ-गावांत असे नियम होते. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये तर ‘यू प्लस टू’ (तुम्ही आणि आणखी दोघे) या नावानेच तो ओळखला जाई. एक कुटुंब आणि एक परकी व्यक्ती, किंवा नाते नसलेले जास्तीत जास्त तिघे. कौन्सिलच्या निवडणुकांत वर्षानुवर्षे त्यावर वाद झाले. शेवटी २०२४ मध्ये राज्यानेच नात्यावर आधारित अशा मर्यादांना बंदी घातली. आयोवात हे २०१७ मध्येच झाले होते. तेव्हा आयोवा सिटीने विद्यापीठालगतच्या वस्त्यांत भाड्याच्या घरांच्या परवान्यांवरच टक्केवारीची मर्यादा घातली, तर २०१९ मध्ये राज्याने तीही काढून घेतली. म्हणून तुमच्या राज्याने आधीच काय ठरवून टाकले आहे ते नीट पाहा. जे कौन्सिलच्या हाती उरलेलेच नाही त्यावर प्रचार करणारे उमेदवार मी पाहिले आहेत, आणि निवडून आल्यावर मतदारांना काय सांगावे हे त्यांना समजत नसे.

जुने_घर

सांजवात, तुमच्याविषयी आदर बाळगूनच विरोधी मत मांडतो. मी ज्या गावात राहतो तिथे आमच्या रस्त्यावरची निम्मी घरे आता विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेली आहेत. मुले वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांपैकी काही जण आमच्या घरी दिवाळीला येतात. परंतु ज्याला चार वर्षांनी निघून जायचे आहे त्याने गावाने तीस वर्षे फेडायच्या कर्जरोख्यांवर मत का द्यावे? मालमत्ता कर आम्ही भरतो. शाळा आमच्या मुलांच्या. रात्री दोन वाजता पोलिसांना फोन आम्ही करतो. मे महिन्यात लीज संपल्यावर पदपथावर फेकलेले सोफे आणि गाद्या उचलण्याचा खर्च आमच्या करातून होतो. गावाचा कारभार गावात मुळे असलेल्यांनी पाहावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

सांजवात

जुने_घर, तुमचा आक्षेप माझ्या वॉर्डातही अनेकांच्या मनात आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट हक्काची. २६ व्या घटनादुरुस्तीने १ जुलै १९७१ पासून १८ वर्षांच्या नागरिकाला मताधिकार मिळाला आणि विद्यापीठांच्या गावांत लगेच हाच वाद उभा राहिला. त्याआधी कित्येक ठिकाणी दीर्घ वास्तव्याची अट असे. टेनेसीत राज्यात वर्षभर राहिल्याशिवाय नोंदणी होत नसे. वँडरबिल्ट विद्यापीठात कायदा शिकवण्यासाठी नव्याने आलेल्या एका प्राध्यापकाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. टेक्सासमधल्या वॉलर काउंटीची कथा अधिक कटू आहे. तिथे प्रेअरी व्ह्यू हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे ऐतिहासिक विद्यापीठ आहे. नोंदणी अधिकारी विद्यार्थ्यांना एक खास प्रश्नावली भरायला लावत असे: इथे मालमत्ता आहे का, नोकरी आहे का, शिक्षण संपल्यावर इथेच राहणार का? इतर मतदारांपैकी ज्यांना तो ओळखत असे त्यांना हे प्रश्न नव्हते. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. आज इथे राहणारा माणूस उद्या कुठे असेल हे विचारून त्याचे मत नाकारता येत नाही, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. तसे पाहिले तर नोकरीसाठी दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या घरमालकालाही आपण हा प्रश्न विचारत नाही.

दुसरी गोष्ट कराची. विद्यार्थी कर भरत नाहीत हे वरवर खरे वाटते. घरमालकाला आलेला मालमत्ता कर भाड्यात धरलेला असतो, आणि स्वतः राहत असलेल्या घरावर अनेक राज्यांत मिळणारी सवलत भाड्याच्या घराला मिळत नाही, म्हणजे त्या घरावरचा कर कित्येकदा शेजारच्या घरापेक्षा जास्त असतो. २०२० च्या जनगणनेत विद्यापीठे कोविडमुळे मार्चमध्येच बंद पडली होती, तरी विद्यार्थ्यांची गणना ते शिकतात त्या गावातच करायची असे जनगणना कार्यालयाने सांगितले, कारण एरवी वर्षातला बहुतेक काळ ते तिथेच राहतात. लोकसंख्येनुसार येणाऱ्या निधीसाठी आपण त्यांना मोजतो. मग मतदानाच्या दिवशी तेवढे परके का ठरवायचे?

मुळांविषयी एवढेच म्हणते, की निवडून आलेल्या विद्यार्थ्यांनी गावे बुडवल्याचा इतिहास नाही. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरमध्ये १९७२ साली ह्यूमन राइट्स पार्टीचे दोन तरुण उमेदवार कौन्सिलवर गेले आणि १९७४ मध्ये कॅथी कोझाचेंको ही मिशिगन विद्यापीठाची विद्यार्थिनी निवडून आली. आपली समलैंगिकता उघडपणे सांगून निवडणूक जिंकणारी ती देशातली पहिली उमेदवार मानली जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये स्वान्ते मायरिक तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना २००७ मध्ये, वयाच्या २० व्या वर्षी कौन्सिलवर निवडून आले आणि २०११ मध्ये त्याच गावाने त्यांना महापौर केले. मुळे धरायची संधी मिळाली तर काही जण खरोखर राहतात.

सोफ्यांचा प्रश्न मी टाळत नाही. त्यावर माझे म्हणणे शेवटी लिहीन.

करवंद

मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे, जन्माने इथला नागरिक, आणि गेल्या निवडणुकीत एका उमेदवारासाठी कॅम्पसवर काम केले. सांजवात यांच्या पहिल्या प्रश्नावर लिहितो.

विद्यार्थी मतदान करत नाहीत याचे कारण केवळ उदासीनता आहे असे मानू नका. निवडणुकीचे वेळापत्रकच पाहा. विस्कॉन्सिनमध्ये स्थानिक निवडणूक एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी असते, म्हणजे निदान सत्र चालू असते. टेक्सासच्या अनेक गावांत ती मेच्या पहिल्या शनिवारी येते, जेव्हा सगळे अंतिम परीक्षांच्या तयारीत किंवा सामान बांधण्यात असतात. ॲन आर्बरमध्ये ऑगस्टमधल्या, पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक फेरीतच बहुतेक वेळा निकाल ठरतो आणि तेव्हा अर्धे गाव रिकामे असते. आपल्या गावाची तारीख कोणती आहे त्यावर सगळी आखणी बदलते. ऑगस्ट असेल तर एप्रिलमध्येच, लोक गावात असताना, टपाली मतपत्रिकेचे अर्ज भरून घ्यावे लागतात, आणि त्या अर्जावर उन्हाळ्यात जिथे राहणार तिथला पत्ता लिहायला सांगावे लागते. ही एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडली.

दुसरी अडचण पत्त्याची. विद्यार्थी दर ऑगस्टला घर बदलतो आणि नोंदणी जुन्या पत्त्यावर राहते. अपार्टमेंटचा क्रमांक लिहिलेला नसला तरी अर्ज अडकतो. डॉर्ममध्ये (विद्यापीठाच्या वसतिगृहात) राहणाऱ्याला आपला टपालाचा पत्ता आणि राहण्याचा पत्ता वेगळे असतात हे माहीत नसते. वॉर्डाची सीमा कधी कधी कॅम्पसच्या मधून जाते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन डॉर्मचे मतदान केंद्र वेगळे असते. ओळखपत्राचे नियमही राज्यागणिक निराळे. टेक्सासमध्ये विद्यापीठाचे ओळखपत्र मतदान केंद्रावर चालतच नाही. विस्कॉन्सिनमध्ये चालते, पण त्यावर दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि सही लागते.

दारोदार जाण्याविषयी: डॉर्ममध्ये बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो आणि मोठ्या अपार्टमेंटचे दरवाजे कुलूपबंद असतात. म्हणून एखादा आतला विद्यार्थी बरोबर हवाच, किंवा मेसच्या बाहेर परवानगी काढून टेबल लावावे. आणि तिथे कौन्सिल म्हणजे काय यावर भाषण देऊ नका. ‘तुमच्या घरात उष्णता कमी पडते तेव्हा तक्रार कोणाकडे करता?’ असे विचारा. बहुतेकांना शहराचा भाडे-तपासणी विभाग असतो हेच ठाऊक नसते. एका मुलीने मला फोनवर तिच्या खिडकीचा फोटो दाखवला होता: चौकटीच्या आतल्या बाजूला बर्फाचा पातळ थर आणि खाली फटीत कोंबलेला टॉवेल. ती घरमालकाला बोलायला घाबरत होती, कारण पुढच्या वर्षाची लीज तिने ऑक्टोबरमध्येच सही करून ठेवली होती. त्या दिवशी तिला विभागाचा फोन नंबर आम्ही दिला. ती मतदानालाही आली.

पाणपोई

मी स्कूल बोर्डाच्या एका उमेदवाराची खजिनदार होते. कागदपत्रांबद्दल कोणी सहसा बोलत नाही, म्हणून लिहिते.

नामांकनाच्या पिटिशनवर ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या लागतात. संख्या छोटी दिसते म्हणून तेवढ्याच गोळा करू नका. दीडपट तरी करा. प्रत्येक सही क्लर्कच्या कार्यालयात मतदार यादीशी ताडून पाहिली जाते. ज्याने नाव टोपणनावाने लिहिले, ज्याचा पत्ता शेजारच्या वॉर्डात निघाला, ज्याची नोंदणी आई-वडिलांच्या गावी आहे, त्या सगळ्या सह्या बाद होऊ शकतात, आणि विद्यापीठाच्या गावात असे खूप निघतात. कागदाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याने स्वतः सही करायची असते. ती किंवा तारीख राहिली तर कित्येक ठिकाणी तो आख्खा कागद जातो. विरोधी उमेदवाराला या सह्यांना आव्हान देण्याचा हक्क असतो आणि तो वापरला जातो.

पैशांबाबत सांगायचे तर पहिली देणगी घेण्यापूर्वी समिती नोंदवून, खजिनदार नेमून, स्वतंत्र बँक खाते उघडा. घरच्या खात्यातून पाट्यांचे पैसे देऊन ‘नंतर हिशोब करू’ असे म्हणू नये. तो खर्चही नोंदवावा लागतो. पत्रके आणि पाट्यांवर ‘याचा खर्च कोणी केला’ ही ओळ पुष्कळ राज्यांत बंधनकारक आहे.

आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचे हे आहे. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असलेल्या व्यक्तीकडून एक डॉलरही घेऊ नका. परदेशी नागरिकांच्या देणग्यांवरची संघीय बंदी फक्त राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपुरती नाही. ती राज्याच्या आणि गावाच्या निवडणुकीलाही लागू आहे. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. व्हिसावरचे विद्यार्थी विनामोबदला स्वयंसेवक म्हणून मदत करू शकतात, पण पैसे देऊ शकत नाहीत आणि पैसे घेऊन कामही करू शकत नाहीत. नागरिक नसलेल्या कोणीही उत्साहाच्या भरात मतदार नोंदणीचा अर्ज भरू नये. नागरिक असल्याचा खोटा दावा हा इमिग्रेशनच्या दृष्टीने अत्यंत गंभीर प्रकार आहे आणि त्यापायी आयुष्याची घडी विस्कटू शकते. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या थोड्या गावांत नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मताधिकार आहे, परंतु तो अपवाद आहे. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाने समोरच्याला सर्वांत आधी नागरिकत्वाविषयी विचारावे, विशेषतः समोर भारतीय मुलगा किंवा मुलगी असेल तर.

जुने_घर

सांजवात, तुमचे उत्तर वाचले. भाड्यात कर धरलेला असतो हा मुद्दा मला पटतो. मग माझा रोख विद्यापीठाकडे वळवतो. आमच्या गावातली सर्वांत मोलाची जमीन विद्यापीठाची आहे आणि त्यावर मालमत्ता कर नाही. त्यांनी नवे मैदान बांधले की आसपासची घरे कराच्या यादीतून जातात आणि अग्निशमन दलाचा भार वाढतो. कौन्सिल त्यांना काही म्हणू शकते का?

तळटीप

शैक्षणिक मालमत्तेला करमाफी राज्याच्या कायद्याने असते, त्यामुळे कौन्सिल कर लावू शकत नाही. वाटाघाट करू शकते. कराऐवजी ऐच्छिक रक्कम देण्याचे करार अनेक ठिकाणी आहेत. कॉर्नेल आणि इथाका यांच्यात २०२३ मध्ये १५ वर्षांचा करार झाला आणि कॉर्नेलची वार्षिक रक्कम ४० लाख डॉलर ठरली. आधीच्या रकमेपेक्षा ती दुपटीहून जास्त होती, तरी तीही अपुरी आहे म्हणून गावात जोरदार वाद झाला. विद्यापीठ सरकारी असेल तर असा करार आणखी कठीण, कारण तिथे निर्णय राज्याच्या राजधानीत होतात. मात्र गावाच्या हाती काही साधने उरतात. पाणी आणि सांडपाणी यांचे दर सर्वांना लागू असतात. विद्यापीठाला रस्ता बंद करायचा असेल, गल्ली हवी असेल, खासगी बिल्डरबरोबर कॅम्पसबाहेर वसतिगृह उभारायचे असेल, तर कौन्सिलची मंजुरी लागू शकते, आणि बोलणी करायची वेळ तीच असते. मंजुरी दिल्यानंतर मागण्या करणाऱ्या कौन्सिलला कोणी विचारत नाही.

सांजवात, तुमची किंवा घरातल्या कोणाची नोकरी विद्यापीठात आहे का? असेल तर विद्यापीठाशी थेट आर्थिक संबंध असलेल्या ठरावांवर मतदान करता येईल का, हे सिटी ॲटर्नीला (शहराच्या वकिलाला) लेखी विचारून ठेवा आणि प्रचारात आपणहून सांगा. आणखी एक: निवडून आल्यावर कौन्सिलच्या कामाचे ईमेल सार्वजनिक दस्तऐवज होतात, आणि बहुमताइतक्या सदस्यांनी बैठकीबाहेर, एकामागून एक फोन करूनही, एखादा विषय ठरवणे अनेक राज्यांत बेकायदा आहे. कॅलिफोर्नियाचा १९५३ चा ब्राऊन ॲक्ट यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे जेवणाच्या ताटावर सगळे ठरवण्याची सवय असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. पती विद्यापीठात नोकरीला आहेत, त्यामुळे तळटीप यांनी सुचवलेले पत्र मी या आठवड्यातच पाठवत आहे आणि त्याचे उत्तर प्रचाराच्या पत्रकावर छापणार आहे. करवंद यांच्या सूचनेप्रमाणे टपाली मतपत्रिकेचे अर्ज सत्र संपण्याआधी भरून घेण्याचे काम दोन विद्यार्थिनींनी अंगावर घेतले आहे. पाणपोई, तुमचा व्हिसाविषयीचा परिच्छेद मी इथल्या भारतीय विद्यार्थी संघटनेला जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

जुने_घर, आता सोफे. पदपथावरचे सामान विद्यार्थ्यांच्या बेपर्वाईमुळे पडते असे सर्रास मानले जाते. आमच्या गावात जवळजवळ सगळ्या लीज एकाच दिवशी दुपारी संपतात आणि नव्या लीज दुसऱ्या दिवशी सुरू होतात. मधल्या रात्री शेकडो लोकांकडे सामान ठेवायला जागा नसते, गाडी नसते, आणि शहराची मोठे सामान उचलणारी गाडी आपल्या ठरल्या वारीच येते. पहाटे त्या रस्त्याने चालत गेले की पावसात भिजलेल्या गाद्यांवर टेकून झोपलेली मुले दिसतात. हे कोणाच्या संस्कारांचे अपयश नाही, वेळापत्रकाचे आहे, आणि वेळापत्रक बदलणे कौन्सिलच्या आवाक्यात आहे. म्हणून मी तीन प्रस्ताव मांडणार आहे. त्या आठवड्यात मोठ्या सामानाच्या जादा फेऱ्या ठेवाव्यात आणि त्यांचा खर्च भाड्याच्या परवाना शुल्कातून घ्यावा, म्हणजे तुमच्या करावर तो पडणार नाही. विद्यापीठाने आपले एक पार्किंग त्या दोन दिवसांसाठी सामान ठेवायला आणि वापरण्याजोग्या वस्तू दान करायला मोकळे करावे. आणि भाड्याच्या घरांची तपासणी तक्रार येण्याची वाट न पाहता ठरावीक मुदतीने, हिवाळ्यापूर्वी व्हावी; करवंद यांनी लिहिलेली खिडकी आमच्या गावातही आहे.

परवाना शुल्कातून असा खर्च करण्याला आमच्या राज्याचा कायदा परवानगी देतो का, हा प्रश्न मी सिटी ॲटर्नीच्या पत्रात जोडला आहे. उत्तर नकारार्थी आले तर पहिला प्रस्ताव सर्वसाधारण निधीतून मांडावा लागेल, आणि तसे झाल्यास तुमच्यासारख्या करदात्यांसमोर त्याचे समर्थन कसे करावे, यावर मला तुमचेच मत हवे आहे.